शाळेतील मधुमेही बालक : औषध द्यावे कोणी?

मधुमेह हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर चाळिशी ओलांडलेला, स्थूल, बैठे काम करणारा रुग्ण उभा राहतो. आपल्या चिकित्सालयांत येणाऱ्या मधुमेही रुग्णांपैकी बहुसंख्य ह्याच वर्गातील असतात व त्यांच्याविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिलेही गेले आहे. परंतु ह्या व्याधीचा आणखी एक रुग्ण आहे. तो आठ-दहा वर्षांचा आहे, कृश आहे आणि पाठीवर दप्तर घेऊन रोज शाळेत जातो. दिवसाचे सहा-सात तास तो आईच्या नजरेखाली नसतो व वैद्याच्याही नसतो. ह्या तासांत त्याला औषध द्यावे कोणी, हा प्रश्न वरकरणी शाळेच्या व्यवस्थेपुरता वाटतो. वास्तविक तो चिकित्सेचाच प्रश्न आहे, आणि प्रसंगी प्राणांचाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

एक अनुभव

नांदेड-लातूर मार्गावरील लोहा-अहमदपूर भागात आम्ही अनेक वर्षे व्यवसाय करीत आहोत. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातील एका नऊ वर्षांच्या मुलास बालमधुमेहाचे निदान झाले. शहरातील बालरोगतज्ज्ञांनी त्यास रात्री दीर्घकाळ कार्य करणारे इन्सुलिन व तिन्ही भोजनांपूर्वी शीघ्र कार्य करणारे इन्सुलिन अशी योजना दिली. सकाळची व रात्रीची सुई आई घरी देई. दुपारची मात्रा शाळेत द्यावी लागे. शाळेने इन्सुलिनची कुपी ठेवून घेण्यास नकार दिला. ‘उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची?’ हा त्यांचा प्रश्न होता. परिणामी ती माउली रोज दुपारी शेतातील काम टाकून शाळेत येई, सुई देई आणि परत जाई. सोयाबीनची काढणी सुरू झाली तेव्हा हे अशक्य झाले. अर्ध्या दिवसाची मजुरी रोज बुडवणे त्या घरास परवडणारे नव्हते.

वडील आमच्याकडे आले. दुपारच्या सुईऐवजी एखादे चूर्ण देता येईल काय, असे त्यांनी विचारले. येथे आमच्या हातून जी चूक झाली ती सांगणे हेच ह्या लेखाचे एक प्रयोजन आहे. आम्ही ‘सुई बंद करा’ असे म्हटले नाही. परंतु ‘बंद करू नका’ असेही ठामपणे म्हटले नाही. ‘औषध सुरू करू, मग पाहू’ एवढेच म्हटले. वडिलांनी त्याचा अर्थ संमती असा घेतला. प्रथम दुपारची मात्रा बंद झाली. आठवडाभरात संध्याकाळचीही टळू लागली. दहाव्या-अकराव्या दिवशी तो मुलगा उलट्या, पोटदुखी व दीर्घ, खोल श्वास अशा अवस्थेत आमच्यासमोर आणला गेला. जिभेस कोरड, डोळे खोल गेलेले, श्वासास कुजलेल्या फळासारखा गंध. क्षणाचाही विलंब न लावता त्यास जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना केले. पाच दिवसांनी तो बरा होऊन घरी परतला. तो वाचला हे त्याचे व आमचेही भाग्य. शाळेचा नकार, आईची अडचण, वडिलांचा गैरसमज आणि वैद्याचे मोघम बोलणे ह्या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते, ते आम्ही त्या दिवशी पाहिले.

व्याधीचे स्वरूप

सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले आहेत. सहज प्रमेहाचा रुग्ण त्यांनी कृश, रूक्ष, तृष्णेने पीडित असा वर्णिला आहे. बीजदोषातून उद्भवलेला प्रमेह चरकाचार्यांनी असाध्य मानला असून कृश प्रमेहीस अपतर्पण न करता बृंहण करावे असा त्यांचा निर्देश आहे. आधुनिक शास्त्रातील पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि सहज प्रमेह हे तंतोतंत एकच होत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोन्ही वर्णनांतील रुग्ण एकमेकांच्या फार जवळ उभे आहेत, हे नाकारता येत नाही.

आधुनिक मतानुसार ह्या व्याधीत शरीराचीच संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. इन्सुलिनची निर्मिती जवळजवळ थांबते. म्हणून बाहेरून इन्सुलिन देणे हा ह्या रुग्णासाठी अनेक पर्यायांपैकी एक पर्याय नसून जगण्याची अटच होय. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट ह्यांनी इन्सुलिनचा शोध लावला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम दिले गेले. तत्पूर्वी अशी मुले निदानानंतर काही महिने, फार तर एक-दोन वर्षे जगत. निशा-आमलकी, विजयसार, मेषशृंगी ह्या द्रव्यांचा स्थूल प्रमेहीत आपण सर्वजण उपयोग करतो. परंतु ज्या शरीरात इन्सुलिनच निर्माण होत नाही तेथे ह्यांपैकी कोणतेही द्रव्य त्याची जागा घेऊ शकत नाही. अग्निमांद्य, दौर्बल्य, वारंवार होणारा प्रतिश्याय ह्यांसाठी आपण अशा बालकास अवश्य साहाय्य करावे. मात्र दिलेले प्रत्येक औषध मूळ चिकित्सकास कळवावे, कारण काही द्रव्यांनी रक्तशर्करा अधिक उतरून इन्सुलिनची मात्रा चुकू शकते.

ही मुले संख्येने नगण्य आहेत असेही नव्हे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०१९ मधील अंदाजानुसार भारतात चौदा वर्षांखालील अशी ९५ हजारांहून अधिक मुले असून दरवर्षी सुमारे १६ हजारांची त्यांत भर पडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून २०२२ मध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ह्यावरूनही प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

शाळेच्या वेळेत नेमके काय करावे लागते?

औषध देणारा कोण असावा हे ठरविण्यापूर्वी औषध म्हणजे काय हे स्पष्ट व्हावयास हवे. आपल्या भागात ह्या मुलांना साधारणतः दोन पद्धतींनी इन्सुलिन दिले जाते.

पहिली पद्धत दोन वेळच्या मिश्र इन्सुलिनची. सकाळी व रात्री जेवणापूर्वी एकेक सुई. शाळेत सुई द्यावी लागत नाही म्हणून पालक व शिक्षक दोघांनाही ही सोयीची वाटते. परंतु सकाळी दिलेल्या मात्रेचा काही भाग दुपारी जोर धरतो आणि त्या वेळी पोटात अन्न असावेच लागते. मधल्या सुट्टीस विलंब झाला, पोषण आहाराची खिचडी उशिरा शिजली, मुलाने एकादशी धरली किंवा कबड्डीचा सराव लांबला की रक्तशर्करा धोकादायक रीतीने उतरते. म्हणजे ह्या पद्धतीत शाळेत सुई नसली तरी वेळेवर मिळणारे अन्न हेच औषध असते.

दुसरी पद्धत प्रत्येक भोजनापूर्वी शीघ्र इन्सुलिन व दिवसातून एकदा दीर्घ इन्सुलिन अशी. हिच्यात नियंत्रण अधिक चांगले राहते, मात्र दुपारची मात्रा शाळेतच द्यावी लागते. आपल्या परिभाषेत हे प्राग्भक्त औषध होय. सुई दिली आणि भोजन लांबले तर तेच औषध अपाय करते. म्हणून ताट समोर आल्याची खात्री करूनच ते द्यावयाचे असते.

ह्याखेरीज दोन्ही पद्धतींत ग्लुकोमीटरने तपासणी, शर्करा उतरल्यास तत्काळ साखर, आणि शर्करा वाढलेली असताना वारंवार पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मुभा एवढ्या गोष्टी शाळेत लागतात. सुई हा ह्या यादीतील केवळ एक भाग आहे, आणि नेमक्या त्याच भागाच्या भीतीने शाळा उरलेल्या सर्व गोष्टींपासून दूर राहतात.

अन्यत्र काय ठरले?

हा वाद केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शाळेतील इन्सुलिन केवळ परवानाधारक परिचारिकेनेच द्यावे, असा आग्रह परिचारिकांच्या संघटनेने धरला होता. अनेक शाळांत पूर्णवेळ परिचारिका नव्हत्या, त्यामुळे मुलांची मात्रा चुके. ऑगस्ट २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चिकित्सकाच्या लेखी सूचनेनुसार व पालकांच्या संमतीने प्रशिक्षित शालेय कर्मचारी इन्सुलिन देऊ शकतात. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने आजारी विद्यार्थ्यांसाठी व्यवस्था लावणे शाळांवर बंधनकारक झाले. तथापि औषध देण्याची सक्ती कोणा एका शिक्षकावर करता येत नाही, असेही तेथील शासकीय मार्गदर्शनात आहे. व्यवस्था ही संस्थेची जबाबदारी आणि प्रत्यक्ष कृती स्वेच्छेने पुढे आलेल्या प्रशिक्षित व्यक्तीची, हा त्यामागील विवेक ध्यानात घेण्याजोगा आहे.

आपल्या देशात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या मधुमेही परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळे, अल्पोपाहार व पाण्याची बाटली परीक्षागृहात नेण्याची अनुमती दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांचे लक्ष ह्या मुलांकडे वेधले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तर प्रदेश शासनाने आदेश काढला. चिकित्सकाचा सल्ला असल्यास मुलास वर्गात शर्करा तपासता यावी, इन्सुलिन घेता यावे, मधला आहार घेता यावा व शिक्षकांनी त्यास अडवू नये, असा त्याचा आशय आहे. दुसरीकडे, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ह्या व्याधीचा समावेश नाही, त्यामुळे त्या कायद्याच्या सवलती ह्या मुलांना आपोआप लागू होत नाहीत. मात्र २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास आहे आणि मधुमेह हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

उपस्थाता कोण?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्याय आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद. शाळेतील मधुमेही बालकाच्या बाबतीत भिषक् आहे, द्रव्य आहे, रोगी आहे. सहा-सात तासांपुरता नाहीसा होतो तो उपस्थाता. एक पाय मोडलेल्या खाटेवर रुग्ण निजवावा तशी ही स्थिती आहे. आचार्यांनी उपस्थात्याचे चार गुण सांगितले : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. त्यांत पदवीचा उल्लेख नाही, नात्याचाही नाही. ज्याच्या ठिकाणी हे चार गुण आहेत, किंवा शिकवून आणता येतात, तो उपस्थाता होय. ह्या कसोटीवर एकेक पर्याय तपासून पाहू.

माता-पिता : अनुराग ह्यांच्याइतका अन्यत्र नाही व उपचारज्ञताही बहुधा असते. निदानानंतरचे पहिले काही आठवडे त्यांनी शाळेत यावे हे योग्यच. परंतु मजुरीवर पोट असलेल्या घरातील आईने वर्षानुवर्षे रोज दुपारी शाळेत यावे, ही अपेक्षा म्हणजे व्यवस्थेचा भार सर्वांत दुर्बल खांद्यावर टाकणे होय. तिचा परिणाम आम्ही वर सांगितलाच आहे.

आरोग्यसेविका : सुई देण्याचे कौशल्य तिच्याकडे आहे. परंतु एका उपकेंद्राकडे कित्येक गावे व वाड्या असतात, त्यामुळे रोज ठरल्या वेळी एका शाळेत येणे तिला शक्य नाही. शिक्षकांना शिकविण्यास व अधूनमधून पाहणी करण्यास ती सर्वांत योग्य होय.

शिक्षक : रोज ठरल्या वेळी शाळेत हमखास असणारे ते एकमेव प्रौढ होत. त्यांच्यावर अनेक शाळाबाह्य कामांचा भार आहे, हे आम्ही जाणतो व त्यांची भीतीही समजू शकतो. म्हणून सक्ती नसावी. परंतु एका शाळेत एक तरी शिक्षक वा शिक्षिका आपणहून पुढे येते, हा आमचा अनुभव आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी आरोग्यविषयक काम पाहावे अशी योजना आहे. तेच दोघे ह्या कामी स्वाभाविक ठरतात. दोन ह्यासाठी, की एक रजेवर असता दुसरा असावा.

बालक स्वतः : रोगी ह्या पादाचेही चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व. बालमधुमेहात ह्या चारांस विशेष मोल आहे. सूचना लक्षात ठेवणे, सांगितल्याप्रमाणे करणे, सुईस न भिणे आणि ‘माझे हात थरथरतात’ हे वेळीच सांगणे. साधारण दहा-बारा वर्षांच्या पुढे बहुतेक मुले स्वतः सुई घेण्यास शिकतात. काही त्याआधीच शिकतात. परंतु सुई टोचता येणे आणि मात्रा ठरविता येणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. त्या वयातही मात्रेचा आकडा कोणा प्रौढाने डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते.

ह्यावरून आमचे मत असे बनले आहे. मात्रा ठरवावी मूळ चिकित्सकाने आणि ती लेखी असावी. सुई घ्यावी बालकाने स्वतः, प्रशिक्षित शिक्षकाच्या देखत. बालक लहान असल्यास ती द्यावी स्वेच्छेने पुढे आलेल्या व शिकविलेल्या शिक्षकाने. मात्र शर्करा उतरली असता साखर द्यावी जो जवळ असेल त्याने, मग तो शिक्षक असो, शिपाई असो, खिचडी शिजविणारी मावशी असो वा शेजारच्या बाकावरील मित्र. त्यासाठी कोणाच्याही अनुमतीची वाट पाहू नये.

शर्करा उतरल्यास

शाळेतील खरे आत्ययिक संकट हेच होय. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, अतिक्षुधा, चेहऱ्यावर फिकेपणा, चिडचिड, डोकेदुखी ही लक्षणे दिसतात. पुढे मूल गुंगल्यासारखे बसते, विचारलेल्याचे भलतेच उत्तर देते, अक्षर वेडेवाकडे होते. शिक्षकास हा आळस किंवा उद्धटपणा वाटण्याचा संभव असतो व रागावण्यात मोलाची मिनिटे जातात.

अशा वेळी ग्लुकोज पावडर किंवा साखर दोन ते तीन चहाचे चमचे पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शर्करा चढली नसल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. चढल्यावर पोळी, बिस्किट असे काही खाण्यास द्यावे. चॉकलेट वा दूध ह्यांतील स्निग्धांशामुळे शर्करा सावकाश चढते, म्हणून प्रथमोपचारात ती नकोत. ग्लुकोमीटर जवळ नसेल तर तपासणीसाठी थांबू नये. चुकून दिलेली साखर फारसे नुकसान करीत नाही, न दिलेली करते. मूल बेशुद्ध असेल वा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर निजवावे व तत्काळ वाहनाने रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आणि अशक्त वाटणाऱ्या मधुमेही मुलास एकट्याने घरी कधीही पाठवू नये.

एका पानाची लेखी योजना

आम्ही आता अशा प्रत्येक बालकाच्या पालकांकडून शाळेस एक पान देववितो. त्यावर पुढील गोष्टी असतात :

१) बालकाचे छायाचित्र, वर्ग, पालकांचे व मूळ चिकित्सकाचे दूरध्वनी क्रमांक.
२) इन्सुलिनचे नाव, मात्रा, वेळ व ते कोण देणार, त्याच्या अनुपस्थितीत दुसरे कोण.
३) मधल्या आहाराची वेळ, खेळापूर्वी काही खावयाचे असल्यास ते.
४) शर्करा उतरल्याची त्या बालकात दिसणारी लक्षणे व प्रथमोपचार.
५) साखर, ग्लुकोमीटर व इन्सुलिन ठेवण्याची जागा, कुलूप नसलेली.
६) उलटी, पोटदुखी, खोल श्वास दिसल्यास पालकांस कळवून त्वरित रुग्णालयात नेण्याची सूचना.
७) चिकित्सक, पालक व मुख्याध्यापक ह्यांच्या स्वाक्षऱ्या आणि दिनांक.

‘जबाबदारी कोणाची’ ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या सातव्या ओळीत मिळते. शिक्षक घाबरतो तो सुईला नव्हे, एकट्याने अंगावर येणाऱ्या दोषाला. तीन स्वाक्षऱ्या झाल्या की तो एकटा राहत नाही. मात्रा बदलली की पान बदलावे. जुने पान फाडून टाकावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

शाळेत कोण सुई देणार हे ठरले तरी सुई व औषध चुकीचे असेल तर सर्व व्यर्थ. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असते, तर पेनमधील १०० युनिट. चाळीसची सिरिंज लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरले तर शरीरात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात, म्हणजे अडीच पट. लहान मुलात ही चूक प्राणघातक ठरू शकते. म्हणून कुपी व सिरिंज एकत्र तपासूनच द्यावी आणि पेनच्या काडतुसातून सिरिंजने औषध काढू नये, हे आवर्जून सांगावे. एकदा चालू केलेला प्रकार अनुपलब्ध असल्यास दुसरा परस्पर देऊ नये.

दुसरी गोष्ट उष्म्याची. आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावे. वापरात असलेले साधारण चार आठवडे थंड जागी टिकते, मात्र तापमान तीस अंशांच्या वर जाता कामा नये. शीतकपाट नसलेल्या घरात वा शाळेत मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके ठेवावे आणि बंद डबीत कुपी त्यात ठेवावी. ही साधी युक्ती उपयोगी पडते. बर्फात वा शीतकपाटाच्या बर्फाळ कप्प्यात ते कधीही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून परत आणण्यास सांगावे.

तिसरी गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मधुमेह समूळ बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यान्वये निषिद्ध आहे. ‘इन्सुलिन सोडवा’ असे लिहिलेली पाकिटे आपल्या काउंटरवर असतील तर ती बालमधुमेहीच्या पालकाच्या हाती पडणार, हे ध्यानात ठेवावे. त्या पालकाइतका आशेचा भुकेला ग्राहक दुसरा नाही.

आपले कार्य

आयुर्वेदीय पदवीधरांनी आधुनिक औषधे लिहावीत की नाही, ह्या जुन्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. इन्सुलिनची मात्रा ठरविणे हे तज्ज्ञाचे काम आहे व ते त्याच्याकडेच असावे. परंतु तज्ज्ञ नांदेडला वा लातूरला असतो. गावात असतो तो आपण. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकांत आयुष पदवीधर वैद्यकीय अधिकारी असतात व त्यांत आपले अनेक बंधु-भगिनी आहेत. शाळेच्या उंबरठ्याच्या आत अधिकृतपणे जाणारा वैद्य बहुधा आपल्याच पद्धतीचा असतो, ही गोष्ट आपण पुरेशी ओळखलेली नाही. तपासणीच्या दिवशी ‘शाळेत कोणी इन्सुलिन घेणारे मूल आहे काय?’ एवढा एक प्रश्न मुख्याध्यापकांस विचारावा. वजन घटणारे, वारंवार पाणी पिणारे, पुन्हा अंथरूण ओले करू लागलेले मूल दिसल्यास त्याच दिवशी रक्तशर्करा तपासावी.

लातूरमध्ये शिकवणी वर्गांसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले येऊन वसतिगृहांत राहतात. तेथे आई नसते व शिक्षकही काही तासांचाच. खोलीतील मित्र आणि खानावळ चालविणाऱ्या काकू हेच तेथील उपस्थाते. वसतिगृहांच्या शेजारी व्यवसाय करणाऱ्या वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी हे काम मनावर घ्यावे. मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगर येथे, डॉ. अर्चना सारडा ह्यांच्या ‘उडान’ संस्थेने अशा मुलांना व पालकांना स्वतःची काळजी घेण्यास शिकविण्याचे काम अनेक वर्षे केले आहे. शिकविले तर सामान्य घरातील मूलही ह्या व्याधीसह निर्वेध वाढू शकते, ह्याचे उदाहरण आपल्या इतक्या जवळ आहे.

आरंभी सांगितलेल्या मुलाकडे पुन्हा वळू. तो रुग्णालयातून परतल्यावर आम्ही स्वतः शाळेत गेलो. आमच्या बोलण्यातील चूक मुख्याध्यापकांसमोर व वडिलांसमोर मान्य केली, कारण ती मान्य केल्यावाचून पुढचे बोलणे खरे वाटले नसते. एका शिक्षिकेने ‘मला शिकवा’ असे म्हटले. आरोग्यसेविकेने तीन दिवस येऊन त्यांना शिकविले. मडके शाळेच्या कपाटाशेजारी बसले, साखरेची बरणी बाईंच्या टेबलावर आली. पहिल्या वर्षी सुई बाई देत. पुढे मुलगा स्वतः घेऊ लागला व बाई केवळ आकडा पाहू लागल्या. आई दुपारी शेतातच राहिली.

ह्या सर्व व्यवस्थेस शासनाचा एकही रुपया लागला नाही, फक्त कोणीतरी चौघांना एकत्र बसवावे लागले. ते काम वैद्याचे होते आणि ते आम्ही दहा दिवस आधी करावयास हवे होते. आपल्या परिसरातील एखादे मूल आज दुपारीही औषधाची वाट पाहत असेल. येत्या आठवड्यात जवळच्या शाळेत जाऊन एकदा विचारावे, एवढीच सर्व वैद्यबंधु-भगिनींस व औषधविक्रेत्यांस आमची विनंती आहे.